नऊ नंबरच्या मशीनमधलं गाव

आमच्या भागातल्या एका शिक्षण संस्थेच्या सचिवांनी नववीच्या सत्तावीस मुलांना फसवलं. मुख्याध्यापकांनी ते होऊ दिलं. आणि त्या मुलांची वर्षभराची कामं ज्या बोटांनी पुसली, ती बोटं माझी होती. त्या कामांत एका मुलीच्या बापाचा आवाज होता. बाप आता नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण संस्थेचं एक पत्र सध्या शाळाशाळांतून फिरतंय आणि त्यात दोषी म्हणून एकटं माझंच नाव आहे. खाली सही माझी आहे. तीही खरी आहे. ती कशी झाली तेही सांगते.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या शाळांना मी संगणक पुरवते. बाहेरच्या माणसाला हा धंदा कळावा म्हणून सांगते. खेड्यातल्या शाळेत संगणक आले तरी ते सांभाळायला माणूस नसतो. म्हणून संस्था माझ्यासारख्या बाईशी करार करते. मशीन बसवायची, बिघडली तर दुरुस्त करायची, एका शाळेतून दुसरीकडे न्यायची तर टेम्पो लावायचा, आणि आठवड्यातून दोन तास मुलांना शिकवायचं. ही सगळी कामं मीच करते. मी इंजिनियर नाही, बी.एड. नाही. एका बंद पडलेल्या मशीनचं पोट उघडून बघत बघत शिकले.

माझे वडील मेंढरं राखायचे. पुढे कळप गेला, थोडी जमीन आली, पण बाजार सुटला नाही. जनावरांच्या बाजारात दोघं एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, बाहेरच्याला काही कळत नाही. मी लहानपणी त्या रुमालाकडे टक लावून उभी असायचे. वडील म्हणायचे, "दात बघितल्याबिगर जनावर घ्यायचं न्हाय. मालक लेकराची शपथ घिऊ दे न्हायतर देवाची. तोंड उघडायला लावायचं." या एका वाक्यावर मी वीस वर्षं धंदा केला. पुरवठादाराने खोकं आणलं की मी त्याच्यासमोर फोडते. कुणी म्हणालं, "मॅडम, विश्वास ठेवा," की माझा पारा चढतो. माझा आवाजही मोठा आहे. एका शाळेत माझं बोलणं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या दारावर "कृपया हळू बोला" अशी पाटी लागली. ती पाटी अजून आहे, मी अजून तशीच बोलते.

सुरुवातीच्या काळात मी एक वाईट काम करायचे. मुलांचे प्रोजेक्ट तयार करून द्यायचे. काटेवाडीकडचे एक बागायतदार मोटारसायकलवरून यायचे. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायचे, "मॅडम, पोराचा प्रोजेक्ट द्या करून. पहिला नंबर येईल असा." जणू भजीच मागतायत. मी चित्रं लावायचे, मागे संगीत टाकायचे, माहिती स्वतःच्या आवाजात वाचायचे. त्यांचा मुलगा तालुक्याच्या प्रदर्शनात उभा राहिला. विषय होता ठिबक सिंचन. परीक्षकांनी कौतुक केलं आणि सहज विचारलं, "आवाज छान आहे. कुणाचा?"

मुलगा प्रामाणिक निघाला. "मॅडमचा," म्हणाला. "त्या मागं उभ्यात."

मी तिथून ज्या वेगाने निघाले, त्या वेगाने परत कधी चालले नाही. त्या दिवसापासून नियम केला. आवाज मुलांचा स्वतःचा, नाहीतर ज्याच्याविषयी सांगायचं त्याचा. चित्र मुलांनी काढलेलं, फोटो मुलांनी घेतलेला. इंटरनेटवरून उचललेलं काही दिसलं की मी सगळ्या वर्गासमोर पुसून टाकायचे. पुसायची मला सवय होती, हे इथे लिहून ठेवते.

याला शाळेच्या भाषेत मल्टिमीडिया प्रकल्प म्हणतात. नाव मोठं आहे, काम सोपं आहे. तीन मुलांचा गट. एक विषय. फोटो, चित्र, आवाज आणि चार ओळी मजकूर, हे सगळं संगणकावर एकत्र जोडायचं. अवघड असतो तो आवाज. वर्गात पंखा घरघरतो, बाहेर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात. मी एक जागा शोधून काढली होती. पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतात ती खोली. चारी बाजूंनी पोती असली की आवाज घुमत नाही. मुलं पोत्यांच्या मधे उकिडवी बसून बोलायची आणि बाहेर येताना केसांत तांदळाचा भुसा घेऊन यायची. माळेगावच्या एका गटाने कारखान्याचा भोंगा रेकॉर्ड करून आणला आणि नुसत्या भोंग्यावरून कुठली पाळी सुटली हे वर्गाला ओळखायला लावलं. अर्ध्या वर्गाने बरोबर ओळखलं. मला एकदाही जमलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी एक माध्यमिक शाळा आहे. तिथे माझी बावीस मशीन होती. प्रत्येकावर मी पांढऱ्या रंगाने नंबर घातला होता. नऊ नंबरच्या मशीनवर रेश्माचा गट बसायचा. रेश्मा पळसदेवच्या बाजूची, मच्छीमाराची मुलगी. तिने विषय सांगितला, "पाण्याखालचं गाव." मी म्हटलं, हा विषय दर वर्षी येतो. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुनं देऊळ वर येतं, मुलं त्याचे फोटो काढतात, संपलं.

"देऊळ नाही मॅडम," ती म्हणाली. "माझ्या आप्पांना सगळं गाव पाठ आहे. पण वरून."

मला कळेना. म्हणून एका सकाळी ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी तिच्या वडिलांच्या होडीत बसलो. बबन त्यांचं नाव. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. मी फोन सुरू करून त्यांच्यासमोर धरला तर ते फोनकडेच बघत राहिले.

"झालं का सुरू? बोलू का?"

"बोला की आप्पा," रेश्मा हसत म्हणाली.

मग ते बोलले. वल्हं थांबवायचे आणि सांगायचे, "हितं जाळं टाकलं की फाटतं. खाली चिंचंचं खोड हाय." पुढे गेल्यावर, "हितं हीर हाय. जाळं खाली जातंच ऱ्हातं." पुढे चावडी, पुढे एक भिंत, पुढे कुणाचा तरी गोठा. कुठे जाळं अडकतं, कुठे घसरतं, कुठे दगड लागतो, कुठे चिखल, यावरून त्यांच्या डोक्यात अख्खं गाव होतं.

मी विचारलं, "तुम्ही बघितलंय का हे गाव?"

"न्हाय वो. मी जलमायच्या आदीच बुडालं. थोडं बा सांगायचा. बाकीचं जाळं सांगतं." मग देवळाच्या बाजूला बोट करून म्हणाले, "तितं समदी येत्यात बघाया. आमच्या घराला कोण बघतंय?" आणि होडी वळवून त्यांनी ती जागाही दाखवली. तिथे पाणी इतर ठिकाणांसारखंच होतं.

मुलींनी मोठ्या कागदावर त्या गावाचा नकाशा काढला. त्याचा फोटो संगणकात घातला, कागद पुढे रद्दीत गेला. त्यावर चौदा ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की बबन बोलायचे. चौदावा ठिपका घराचा. वीस वर्षांत मी एवढं चांगलं काम बघितलं नव्हतं, आणि त्यात माझं काहीही नव्हतं.

शाळेत प्रदर्शन झालं तेव्हा बबन आले होते. चप्पल दाराबाहेर काढून आत आले. दोन ठिपके ऐकले. "ह्यो मी हाय व्हय?" म्हणाले, आणि लाजून बाहेर जाऊन उभे राहिले. रेश्माची आई त्या दिवशी मासळी घेऊन बाजारला गेली होती. तिला नंतर ऐकवू असं ठरलं. ती म्हणाली होती, घाई काय, माणूस काय पळून चाललाय का.

मे महिन्यात मला संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. त्यांना सगळे आबा म्हणतात. मऊ बोलतात. संस्थेची बारामतीतही एक मोठी शाळा आहे. तिच्या तपासणीला जूनमध्ये कमिटी येणार होती आणि त्या शाळेत संगणकांची खोली कागदावरच होती. आता हा आमच्या धंद्यातला उघडा रिवाज सांगते. तपासणी आली की एका शाळेची मशीन टेम्पोत घालून दुसऱ्या शाळेत मांडायची. कमिटी गेली की परत. मी हे काम कित्येकदा केलंय. सगळे करतात, असं म्हणून केलंय.

"बाई," आबा म्हणाले, "मशीन आतनं कोरी पाहिजेत. कमिटीनं बटण दाबलं आणि आत भलत्याच शाळेचं नाव आलं, तर उत्तर तुम्ही देणार का मी?"

"आत मुलांची कामं आहेत आबा."

"ती मोरे सरांनी घेतलीत काढून. काय हो मोरे?"

मोरे सर म्हणजे पाण्याकाठच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "सगळं आहे यात," म्हणाले.

मी हात पुढे केला. बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, ही माझी रीत. तेवढ्यात आबा म्हणाले, "या वर्षापासून बारामतीच्या शाळेचंही तुम्हीच बघा. मी सांगून ठेवलंय."

माझा हात खाली आला. पेन ड्राइव्ह मोरे सरांच्या खिशात परत गेला. आयुष्यात एकदाच मी जनावराचं तोंड न उघडता सौदा केला, तो हा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बावीसही मशीन पुसून, नवीन सगळं भरून, टेम्पोत चढवली.

कमिटी आली, चहा पिऊन गेली. मशीन मात्र परत गेली नाहीत. मी विचारलं की आबा म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." मी सुद्धा फार जोर केला नाही. बारामतीच्या शाळेत माझे तास सुरू झाले होते.

जुलैत बबन गेले. सकाळी भिगवणला मासळी उतरवत होते, छातीत कळ आली, तिथेच बसले. दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. दहाव्यानंतर रेश्माचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, आप्पांचं ते द्या ना. आईनं ऐकलंच नाही."

मी म्हटलं, "आत्ता देते," आणि मोरे सरांकडे गेले. पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात होता. लावला. आत नऊ प्रकल्पांची नऊ नावं व्यवस्थित दिसत होती. रेश्माचं उघडलं. उघडेना. दुसरं, तिसरं, कुठलंच उघडेना. सगळे शॉर्टकट होते. म्हणजे पडद्यावर जी लहान चित्रं दिसतात, तेवढीच त्यांनी उचलली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शॉर्टकट म्हणजे फाट्यावरची पाटी. पाटी उपटून घरी आणली म्हणून गाव येत नाही.

"सर, हे कॉपी व्हायला किती वेळ लागला होता?"

"लगेच झालं की," ते म्हणाले. "मला वाटलं आता मशीन फास्ट झालीत."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिपाई दार लावून घेऊन बाहेर गेला. मोरे सर खाली मान घालून बसले. त्यांची चूक अडाणीपणाची होती. माझी लोभाची. फोनमधलं मूळ रेकॉर्डिंगही नव्हतं, कारण एक गट झाला की फोनचं मेमरी कार्ड रिकामं करून पुढच्या गटाला द्यायचं, ही शिस्त मीच लावलेली.

तरी एक वाट होती. पुसलेली डिस्क लगेच कोरी होत नाही. पाण्याखाली गेलेल्या घरासारखं असतं ते, वरून दिसत नाही, पण भिंती असतात. त्यावर रोज नवीन काम झालं की गाळ साठत जातो आणि भिंती मोडतात. नऊ नंबरचं मशीन त्याच दिवशी बंद केलं असतं तर बरंच काही वर आलं असतं. मी सरळ आबांकडे गेले.

"नऊ नंबर मला द्या. आठ दिवसांसाठी."

"कुठलं नऊ नंबर?"

"पाण्याकाठच्या शाळेतलं. तुमच्या बारामतीच्या शाळेत आहे."

"बारामतीच्या शाळेत बारामतीच्या शाळेची मशीन आहेत, बाई. कमिटीनं मोजून सही केलीय. त्यात कुठल्या मच्छीमाराचा आवाज कसा असेल?"

"आबा, पोरीचा बाप मेलाय."

"वाईट झालं. पण त्याला संगणक काय करणार? पोरांचा खेळ असतो तो. पुन्हा करा म्हणावं."

त्यांनी शाळेत निरोप धाडला आणि खोलीची चावी माझ्याकडून काढून घेतली. माझे तास दुसऱ्याला दिले. मी रोज गेले. खिडकीतून बघायचे, नऊ नंबरवर मुलं बसलेली असायची, रंगीत खेळ खेळत. त्यांचा काय दोष? पण त्यांच्या प्रत्येक टिचकीला आत गाळ साठत होता. असे तीन आठवडे गेले. मशीन पुसून आधीच बरेच दिवस झाले होते. त्यात हे तीन आठवडे आबांनी जाणूनबुजून घातले.

शेवटी आबांनीच बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. विद्यार्थ्यांचे साहित्य माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाले, संस्थेचा त्याच्याशी संबंध नाही. "यावर सही करा. मग बघा तुमचं मशीन."

"एक दिवस पाहिजे," मी म्हटलं.

"दोन तास."

"शाळा सुटेपर्यंत."

"मधल्या सुट्टीपासून सुटेपर्यंत. आणि आमचा माणूस शेजारी बसेल."

मी सही केली. रुमाल नव्हता एवढंच.

त्या दुपारी माझ्याकडचं सगळं लावून मी ती डिस्क चाळली. नावं गेलेली, नुसते आकडे. फोटो अर्धे राखाडी. नकाशाचा खालचा भाग मिळाला, त्यावर पाच ठिपके. ठिपक्यांमागे काही नाही. आवाजाचे तुकडे सापडत होते, लावले की खरखर. शाळेची घंटा व्हायला आली तेव्हा एक तुकडा वाजला. सहा सेकंदांचा. होडीला पाणी आपटतंय. मग बबन. "झालं का सुरू? बोलू का?" मग रेश्माचं हसणं, "बोला की आप्पा." पुढे काही नाही. शेजारी बसलेला संस्थेचा माणूस तोंड फिरवून बसला. घंटा झाल्यावर मात्र त्याने वेळेवर बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी पळसदेवला गेले. ओट्यावर रेश्मा आणि तिची आई बसल्या होत्या, जाळं दुरुस्त करत. मी आधी माझी चूक सांगितली, पेन ड्राइव्ह न बघितल्याची, बारामतीच्या शाळेच्या लोभाची. आई जाळं विणतच राहिली. मी फोनमध्ये उतरवून घेतलेला तो तुकडा लावला.

"परत लावा," ती म्हणाली.

लावला. परत लावला. चौथ्या वेळी तिने हातातली जाळ्याची सुई खाली ठेवली.

"आन् फुडं काय म्हणलं?"

मला चौदांपैकी नऊ ठिपके आठवले. चिंच, विहीर, चावडी सांगितली. रेश्माने आणखी दोन सांगितले. पण ती आमची वाक्यं होती, आमच्या आवाजात. ती बाई ऐकत होती आणि मान हलवत होती, आणि मला ते ठिबक सिंचन आठवत होतं, मागे उभं राहून दिलेला माझाच आवाज. घराच्या ठिपक्यावर ते काय म्हणाले होते, ते आम्हा दोघींनाही शब्दशः आठवलं नाही. ती मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या," आणि सुई उचलली.

संस्था आता ते पत्र दाखवते आणि म्हणते, बाईंनी कबूल केलंय. केलंय. पुसलं मी. न बघता पुसलं. त्याचं उत्तर मी त्या ओट्यावर बसून दिलंय आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा देईन. पण पत्रात ते तीन आठवडे नाहीत. बावीस मशीन अजून बारामतीत आहेत आणि पाण्याकाठच्या शाळेतल्या भिंतीला नुसत्या वायरी लोंबतायत, तेही पत्रात नाही.

आबा, हे ज्यात छापून येईल तो अंक तुम्हाला कुणीतरी नेऊन देईलच. नाही दिला तर मी देईन. पळसदेवला या. मोरे सरांना बरोबर घ्या. त्या बाईच्या ओट्यावर बसा, ते सहा सेकंद ऐका, आणि चावी तुमच्या खिशात असताना तीन आठवडे ते मशीन का चालू ठेवलं, ते तिच्या तोंडावर सांगा. मऊ बोललात तरी चालेल. मी तिथे असेन, आणि या वेळी तोंड उघडायला लावल्याशिवाय उठणार नाही.